एक काटा कमी

मी खडकी बाजारात बावीस वर्षं मासे विकते. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. गोड हवं असेल तर पलीकडे मिठाईवाला आहे. माझ्याकडे येऊन "ताजी आहे का हो सुरमई?" असं विचारलंत, तर "नाही, तुमच्यासाठी मुद्दाम शिळी काढून ठेवलीय" हेच ऐकायला मिळेल. तरी गिऱ्हाईक तुटत नाही, कारण मासा खरंच ताजा असतो. सांगायचा मुद्दा, माझी जीभ माझ्या कोयत्यापेक्षा जास्त चालते. मुक्ताईचं सगळं प्रकरण सुरू झालं तेही माझ्या या जिभेपासूनच, पण हे मला वर्षभराने कळलं.

ती पहिल्यांदा आली ती गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर. चाळिशीची, काटक, डोक्यावरून पदर. भंडाऱ्याकडची, वैनगंगेच्या काठची, बाप नदीत जाळं टाकणारा. नवरा, संतोष, इथे एका गोदामात हमाली करायचा. त्याची कंबर गेली आणि तो गावी परतला. ही मात्र लेकीसाठी मागे राहिली, कारण सृष्टी इथल्या कॉलेजात अकरावीला होती. स्वयंपाकाची कामं करायची आणि लेकीला शिकवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

त्या दिवशी तिने माझ्या पाटावरचा एक रोहू उचलला, कल्ला उघडून बघितला, पोट दाबलं, आणि विचारलं, "हा कितीले देता जी?" बघण्याची पद्धत जाणत्या माणसाची होती, मला आवडली. मासा घेतला, पैसे दिले आणि जाताना म्हणाली, "बरं ताई, मी येतो."

आता त्यांच्याकडे बायकाही "येतो, जातो" म्हणतात, हे मला कुठे माहीत. मी म्हटलं, "येतो? अगं बाई, मग मिशा काय घरी ठेवून आलीस?"

चारपाच गिऱ्हाईकं होती, सगळी हसली. तीही थोडंसं हसली. त्यानंतर ती दर रविवारी यायची, पण बोटाने मासा दाखवायची, मान हलवायची आणि निघून जायची. मी मनात म्हटलं, बरंय, घुमी आहे, वेळ वाचतो. आणि खरं सांगते, पुन्हा कधी तो विषय माझ्या डोक्यातही आला नाही.

तिची कामं मात्र टिकेनात. उत्कर्षा म्हणून एक बाई आहे, ती घरोघरी स्वयंपाकाच्या बायका लावून देते. तिने मुक्ताईला पहिलं घर दिलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, इडलीबरोबर सांबार कर. मुक्ताईच्या गावाकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. हिने पाहुण्यांपुढे बारा इडल्या ठेवल्या आणि शेजारी ताटभर कोथिंबीर बारीक चिरून ठेवली. दुसऱ्या घरी असंच काहीतरी, तिसऱ्या घरी असंच. "अहो, समजलं नाही तर विचारायचं ना" असं प्रत्येक जण म्हणायचा, आणि ही खाली बघून "बरं" म्हणायची. शेवटी उत्कर्षाने चौथं घर दिलं आणि स्पष्ट सांगितलं, "महिनाभर ट्रायल. हे गेलं तर माझ्याकडे पाचवं नाही." हे गेलं तर खोली सोडायची, लेकीला घेऊन गावी जायचं. तेव्हा डिसेंबर होता. सृष्टीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत.

चौथं घर औंध रोडच्या एका सोसायटीत, नवव्या मजल्यावर. राकेश आणि कादंबरी, दोघंही कॉम्प्युटरवाले. नऊ वर्षांची मुलगी सोनू. कादंबरी मूळची शनिवार पेठेतली, मासा तोंडाला न लावणारी. राकेश इंदूरचा, मासा आवडीने खाणारा. मराठी बोलायचा त्याला मोठा उत्साह, पण सगळी क्रियापदं एकाच साच्यातून काढायचा. दूध तापवो, दार लावो, कचरा टाको. मुक्ताईला त्याचंच मराठी सगळ्यात सोपं वाटायचं, कारण तो हसून बोलायचा.

ट्रायलचा शेवटचा दिवस रविवार होता आणि नेमका सोनूचा वाढदिवस. एक वाजता तिच्या आठ मैत्रिणी जेवायला यायच्या होत्या. त्याआधी औक्षणासाठी तिघं शनिवार पेठेत आजीकडे निघाले. राकेश एक पाय बुटात घालत म्हणाला, "ताई, फ्रिजमध्ये ती फिश आहे ना, फिश टाको. छोटी छोटी पोळी करो, कोबी चिरो. एक वाजता मुलं येतात." आणि लिफ्ट आली, ते गेले.

मुक्ताईने ऐकलं ते असं: फ्रिजमध्ये मासा आहे, तो टाका. मग पोळ्या करा.

तिला ते विचित्र वाटलं नाही असं नाही. तिने पाकीट उघडलं. बिनकाट्याचा बासा होता. (त्याला मासा म्हणायचं की नाही हा माझा आणि बाजाराचा जुना वाद आहे, पण ते राहू दे.) तिने वास घेतला, बोटाने दाबून पाहिला. चांगला होता. पण त्या घरात आठवड्यापूर्वीच माशाच्या वासावरून बोलाचाली झाली होती, तिने ऐकली होती. बाईंच्या माहेरची माणसं येणार असतील, म्हणून टाकायला सांगितला असेल, असं तिने मनाशी जुळवलं. फोन करून विचारता आलं असतं. तिने नाही विचारलं. नदीकाठच्या बाईने चांगला मासा कागदात गुंडाळला आणि खाली जाऊन ओल्या कचऱ्याच्या पिंपात टाकला. साडेदहाला गाडी आली आणि पिंप रिकामं करून गेली.

अकरा वीसला राकेशचा मेसेज आला. एक फोटो होता. छोटीशी पोळी, मधोमध दुमडलेली, आत तळलेला मासा, वर कोबी. खाली हिंदीत लिहिलं होतं, ताई, टाको ऐसा दिखना चाहिए.

तेव्हा तिला कळलं की टाको हे पदार्थाचं नाव आहे.

माझा फोन वाजला तेव्हा मी पाट धुवायला काढला होता. पहिल्यांदा मला आवाजच ओळखू आला नाही, इतकं तिचं बोलणं मी विसरले होते. "रतनताई, माझं काम गेलं. मी मासा फेकून देल्ला." मग रडत रडत सगळं सांगितलं. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अगं, तू बाई आहेस की दगड? चांगला मासा टाकताना तोंड शिवलं होतं का?" तिने एवढंच विचारलं, "मासा आहे का जी?"

रविवार, त्यात साडेअकरा वाजायला आलेले. सुरमई संपलेली, पापलेट संपलेलं, रावस सकाळीच गेला. उरला होता एक अडीच किलोचा रोहू, सांगून ठेवलेला माणूस आला नव्हता म्हणून. रोहू म्हणजे काट्यांचं माहेरघर. तेही साधे काटे नाहीत, मांसात लपलेले, टोकाला दोन फाटे फुटलेले. मोठी माणसंसुद्धा जपून खातात, आणि इथे आठ-नऊ वर्षांच्या नऊ मुली.

मी म्हटलं, "मुक्ताई, रोहू आहे. नको."

ती म्हणाली, "आणा. तुकडे नका करू. दोन बाजू काढून आणा, अख्ख्या."

पाट शेजारच्या दत्तोबाच्या हवाली केला, मासा साफ केला आणि रिक्षा पकडली. का गेले विचाराल तर मलाही सांगता येणार नाही. सोसायटीच्या दारावर रखवालदाराने पिशवी हुंगली आणि मला सामानाच्या लिफ्टकडे पाठवलं. एरवी मी त्याला सोडला नसता. पण घड्याळात पावणेबारा झाले होते.

त्या स्वयंपाकघरात मी वेगळीच मुक्ताई बघितली. रडणं संपलं होतं. मोठ्या पातेल्यात हळद-मिठाचं पाणी उकळत होतं. दोन्ही बाजू अलगद सोडल्या, सात मिनिटं ठेवल्या, बाहेर काढल्या. मग काळ्या ओट्याचा एक कोपरा लख्ख पुसला आणि काटे काढायला बसली. मी पीठ मळायला घेतलं. निम्मं मक्याचं, निम्मं गव्हाचं, गरम पाण्यात. वाटीच्या तोंडाएवढ्या पोळ्या लाटून तव्यावर टाकायच्या आणि गरम असतानाच कापडात दुमडून ठेवायच्या. सोपं काम. पण माझं लक्ष तिच्या बोटांकडे होतं.

ती काढलेला काटा टाकत नव्हती. ओट्यावर मांडत होती. डोक्याकडचा पहिला, त्याच्याशेजारी पुढचा, मग त्याच्या पुढचा. मोठ्याकडून लहानाकडे, क्रमाने, काळ्या दगडावर पांढरी ओळ.

"मोजतेस का?" मी विचारलं.

"नाही. बाप सांगे, काटा मोजू नको, मांड. मोजण्यात मानूस चुकते. मांडला की राहिलेली जागा दिसते."

दुसरी बाजू उघडली तेव्हा मी मीठ बघायला शेपटीकडचा एक तुकडा तोंडात टाकला. मीठ बरोबर होतं. मी पुन्हा पोळ्यांकडे वळले. कोबी चिरला, लिंबू पिळलं. घट्ट दह्यात लसूण, मिरची आणि कोथिंबीर घातली. कोथिंबीर म्हणताना मला सांबाराची गोष्ट आठवली आणि हसू आलं. तिला आलं नाही.

बारा वाजून वीस मिनिटांनी दोन ओळी पूर्ण झाल्या. मासा कुस्करून झाला, त्यात उकडलेला बटाटा, आलं-लसूण, जिरं. आता फक्त वड्या थापून रव्यात घोळवून तळायच्या. मी सुटकेचा निःश्वास टाकणार तेवढ्यात ती म्हणाली, "रतनताई, एक काटा कमी आहे."

दुसऱ्या ओळीत, शेपटीकडे, एक जागा रिकामी होती. मलाही दिसली. इकडचा काटा, तिकडचा काटा आणि मध्ये बोटभर काळा दगड.

तिने सगळा कुस्करलेला मासा परातीत पसरला. डोळे मिटले आणि बोटांनी चाचपायला लागली. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. कपाळावरून घाम ओघळून पापण्यांवर आला तरी डोळे उघडले नाहीत. मला घड्याळाकडे बघवेना. काटा सापडेना.

मी म्हटलं, "अगं, त्या माशाला जन्मतःच नसेल तो. वाढ आता."

"असतेच."

"असला तर असला. बारीक असेल, तळून कुरकुरीत होईल. आणि हे बघ, हा मासा तोच होता असं सांगायचं. बाईला माशातलं कळत नाही, साहेबाला फक्त नावं कळतात. तोंड मिटून बस, इतके दिवस बसलीस तशी."

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. "पोट्ट्यायच्या घशात जाईल जी," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात दाराची किल्ली फिरली.

पुढे सोनू, कपाळावर कुंकवाचा टिळा, डोक्यावर अक्षता. मागे केकचा खोका घेतलेला राकेश. त्याच्यामागे कादंबरी. तिने नाक उचललं, मग माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या दोन ओळींकडे. "ह्या कोण? आणि हे काय मांडलंय?" मी काहीतरी फेकणार होते, जीभ तयारच असते. पण तिने मला विचारलंच नाही. तिने मुक्ताईला विचारलं, "मुक्ताताई, झालं ना सगळं?"

महिनाभर या प्रश्नाचं उत्तर "हो" असंच होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण, बाई, हो म्हण.

मुक्ताईने हात पदराला पुसले. "नाही झालं," ती म्हणाली. "तुमचा मासा मी फेकून देल्ला. साहेब टाको म्हनले, मले वाटलं फेका म्हनून राहिले. मंग ह्या ताईनं रोहू आनला. त्याचे काटे काढले, पन एक काटा सापडून नाही राहिला. लय शोधला. हे पोट्ट्याइले देऊ नका."

एका दमात बोलली. वर्षभरात मी तिच्या तोंडून इतकी वाक्यं ऐकली नव्हती.

राकेश म्हणाला, "पण मी तर टाकोच म्हणालो."

"हो," कादंबरी म्हणाली. "तू कचऱ्यालाही टाकोच म्हणतोस." मग मुक्ताईकडे वळली. आवाज चढला नाही, पण मला नको वाटला. "तीस दिवस तुम्ही या घरात आहात. तीस दिवसांत एक प्रश्न विचारला नाहीत. मला वाटलं, बाईंना सगळं येतं. एक फोन करून विचारायला काय झालं होतं?"

मुक्ताई खाली बघून म्हणाली, "विचारलं का लोक हासतात जी. माहं बोलनं आईकून. मंग नाही विचारत."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मला माझी लाज वाटली. मिशा घरी ठेवून आलीस का, हे माझंच वाक्य माझ्या कानात वाजलं. ही बाई सांबार विचारू शकली नाही, टाको विचारू शकली नाही, आणि हिचं तोंड शिवणारी मी, आणि वर फोनवर तिलाच दगड म्हणाले.

मान वर करवेना, म्हणून मी बेसिनकडे बघत उभी राहिले. आणि बेसिनच्या काठावर, नळाच्या मागे, एक काटा होता.

मीठ बघताना तोंडात आला असणार. बावीस वर्षांची सवय, जिभेने काटा बाजूला काढायचा आणि बोटाने टेकवून ठेवायचा. मला कळलंही नव्हतं. तो काटा मी नसता काढून ठेवला तर ओळ भरली असती. ओळ भरली असती तर ती गप्प राहिली असती, मुली जेवल्या असत्या, ट्रायल पार पडली असती. तिने स्वतःच्या तोंडाने काम घालवलं होतं ते माझ्या एका घासापायी.

जीभ चालत नाही असं माझं कधी होत नाही. तेव्हा झालं. मी तो काटा उचलून नुसता पुढे धरला. "मी चाखला होता," एवढं कसंबसं म्हटलं.

मुक्ताईने काटा घेतला, नळाखाली धुतला आणि त्या रिकाम्या जागेत ठेवला. डावीकडच्यापेक्षा जरा लहान, उजवीकडच्यापेक्षा जरा मोठा. टोकाला दोन फाटे. तिथलाच होता.

कादंबरी ओट्याजवळ आली आणि ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली. तिने आयुष्यात कधी माशाचा काटा इतक्या जवळून बघितला नसेल. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "मुली येतील आता. तळा."

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. नऊ मुली टेबलाभोवती, हातात मक्याच्या पोळ्या, त्यात वडी, कोबी, दही. मुक्ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी, आणि प्रत्येक घास कोणाच्या गळ्याखाली उतरतो ते बघत होती. ओळ भरली होती, तरी बघत होती. मधेच सोनूला ठसका लागला. मुक्ताईच्या हातातला झारा खाली पडला. राकेश उठला, कादंबरी उठली. सोनूचे डोळे पाण्याने भरले. तिने घोटभर पाणी प्यायलं आणि म्हणाली, "तिखट आहे." आणि दुसरा टाको उचलला.

मुली गेल्यावर आम्ही भांडी आवरली. मुक्ताईने पिशवी उचलली. निकाल काय ते तिला विचारायचं नव्हतं, आणि माझी तर हिंमतच नव्हती. आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा कादंबरी मागून म्हणाली, "उद्या सातलाच या. डब्याला पराठे. आणि रात्री लझानिया करायचंय."

म्हणजे काम राहिलं होतं. पण मुक्ताई तशीच उभी. तिची मान खाली जायला लागली, ओठ "बरं" म्हणायला जुळले. मी तिच्याकडे बघत होते. मनात म्हटलं, आता पुन्हा गप्प बसलीस तर उद्या संध्याकाळी आपण परत इथेच.

तिने मान वर केली. "लझा... ते काय असते जी? मले नाही माहीत."

कादंबरी हसली नाही. खुर्ची ओढली. "बसा. सांगते. मलाही एकदाच जमलंय, तेही निम्मं जळलं होतं."

मी दारात पिशवी घेऊन वीस मिनिटं उभी होते. मला कोणी बस म्हणालं नाही, आणि ते योग्यच होतं.

खाली आलो तेव्हा तिला खोलीवर सृष्टीकडे जायचं होतं, मला बाजारात, पाट धुवायचा राहिला होता. कोपऱ्यावर आमचे रस्ते वेगळे झाले. मला काहीतरी बोलायचं होतं, माफी वगैरे, पण तसलं बोलायची मला सवय नाही. मी नुसती पदराला हात पुसत उभी राहिले.

ती दोन पावलं गेली आणि थांबली. वळली आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "रतनताई, मी येतो."

मी म्हटलं, "ये हो."